पितळी पंपावरचा आळ

मित्रांनो, मी एक जुना पितळी फवारणी पंप आहे. फुटक्या कुंड्या आणि जुन्या पडद्यांचे गाठोडे यांच्यामध्ये, माळ्यावर आडवा पडलो आहे. माझ्या नावावर एका जास्वंदीचा जीव घेतल्याचा आळ आहे. ज्या औषधाने ती गेली ते माझ्याच तोंडातून उडाले, हे मी नाकारत नाही. पण सगळे ऐका आणि मग काय ते ठरवा.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने घडवले. पत्रा वाकवून नळकांडे केले, दट्ट्याला चामड्याचा वायसर बसवला आणि पाणी भरून पहिला फवारा मारला तो थेट स्वतःच्या चष्म्यावर. चष्मा पुसत तो म्हणाला, "हा पंप माझ्यापेक्षा जास्त जगणार!" तेव्हा मला ते कौतुक वाटले होते.

मला विकत घेतले ते ताईंनी. त्या घरीच शिवणकाम करायच्या. मशीन मागच्या दाराशी होते आणि दाराबाहेर फरशीचे छोटे अंगण होते. त्यात लिंबू होते, गुलाब होते आणि उंबऱ्यालगत मोठ्या पिंपात लाल जास्वंद होती. ताईंच्या लेकीने शाळेत असताना तिची फांदी खोचली होती. पुढे लेक लग्न होऊन दूर गेली. मग मशीन चालवता चालवता ताई जास्वंदीशीच बोलू लागल्या. "आज काय गं, फूल नाही? रुसलीस?" असे त्या विचारायच्या आणि दुसऱ्या दिवशी फूल आले की खूश व्हायच्या.

ताई मला ऊठसूट हात लावत नसत आणि मला त्याचाच अभिमान होता. पाने पिवळी पडली की त्या आधी मातीत बोट खुपसत. माती ओली लागली की म्हणत, "पोट फुटेस्तोवर पाणी पाजलंय, दुसरं काही नाही." लिंबाची पाने कुरतडलेली दिसली की त्या अळी शोधत. ती लबाड अळी पक्ष्याची विष्ठा वाटावी अशी पानावर बसून राहते. ताई तिला चिमटीत धरून उचलत. गुलाबाच्या कळ्यांवर हिरवा मावा दाटला की माझ्यात नुसते पाणी भरून जोरात धार मारत. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला, म्हणजे पिठ्या ढेकूण आला, की आधी ओल्या कापडाने पुसून काढत. तरी हटला नाही तर मग साबणाचे पाणी, तेही ऊन उतरल्यावर आणि पानांच्या खालून. काम झाले की मला स्वच्छ पाण्याने धुऊन खिळ्याला उलटे टांगत. शेजारीपाजारी पान हातात घेऊन दाराशी येत आणि ताई म्हणत, "माझा पंप आहे म्हणून माझी झाडं आहेत." मित्रांनो, हे शब्द मी जपून ठेवले होते.

मग लेकीचे बाळंतपण आले. ताईंनी घर धाकट्या भावाच्या हाती दिले. आम्ही त्याला लेकीप्रमाणेच मामा म्हणत असू. तो रंगारी होता, मनाने चांगला, पण घायकुतीला येणारा.

"बाकी काही झालं तरी चालेल," ताई निघताना म्हणाल्या, "माझी जास्वंद सांभाळ."

"ताई, तू निर्धास्त जा! तू येशील तेव्हा अंगण ओळखणार नाहीस," मामा म्हणाला.

त्याने शब्द खरा केला. फरशीच्या फटींतले गवत त्याला खुपू लागले. तो तणनाशकाची बाटली घेऊन आला, ती माझ्यात ओतली आणि फटी फवारल्या. थोडे उरले. आता रंगाऱ्यांची एक सवय असते. उद्या तोच रंग लावायचा असेल तर ब्रश धूत नाहीत, तसाच डब्यात बुडवून ठेवतात. मामाने मला तसेच ठेवले, पोटात विष घेऊन. दुसऱ्या दिवशी त्याला कुठल्याशा घराचे काम आले आणि गवत राहूनच गेले.

पुढे एकदा त्याला जास्वंदीच्या शेंड्यावर कापूस दिसला. त्याने लगेच मला उतरवले आणि उरलेल्या तणनाशकावरच साबणाचे पाणी ओतले. मी काय करणार? दट्ट्या ढकलला की मला उडवावेच लागते. ज्या पानांना मी इतकी वर्षे वाचवले, त्यांच्यावरच मी ते विष शिंपडले.

काही दिवसांनी नवी पाने अरुंद, पिवळी आणि गोळा होऊन येऊ लागली. पिठ्या ढेकणानेही शेंडे असेच गोळा होतात. पण मग कापूस दिसायला हवा होता आणि तो तर कुठेच नव्हता. मामाने पाहिलेच नाही. "कीड वाढली वाटतं," म्हणत त्याने पुन्हा फवारले. मग पुन्हा. दर वेळी नवे पाणी पडून आत विष पातळ होत गेले, पण झाडाला पुरेसे होते. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरे काय!

ताई परतल्या तेव्हा पिंपात काटक्या उभ्या होत्या. त्यांनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"पंप धुवत होतास ना?" त्यांनी विचारले.

मामाची नजर फरशीवर गेली. तिथे गवताचे एक पातेही उरले नव्हते. त्याच क्षणी त्याला सगळे उमगले, हे मी त्याच्या चेहऱ्यावर वाचले.

"धुवत होतो की, दर वेळी," तो म्हणाला. "पंपच जुना झालाय, ताई. पितळेचा गंज उतरला असेल औषधात."

उचलली जीभ लावली टाळ्याला! पण ताईंनी ते मानले. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. मी मागच्या दारावरच्या माळ्यावर गेलो. मला वाईट वाटले, तरी मी मनाला समजावले की त्यांना खरे माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात मामा दोन नवे प्लास्टिकचे पंप घेऊन आला. स्वतःच्या सुबक रंगारी अक्षरात त्याने एकावर 'गवत' आणि दुसऱ्यावर 'झाडं' असे लिहिले होते.

"दोन कशाला रे?" ताईंनी विचारले.

"अगं, गवताचं औषध ज्या पंपात घातलं, तो परत झाडांना..." मामा बोलता बोलता थांबला.

ताईंनी फरशीकडे पाहिले. मग मान वर करून थेट माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, त्यांना सगळे कळले होते. मी वाट पाहिली, की आता शिडी लागेल, आता मला खाली उतरवतील, आता निदान एकदा तरी म्हणतील की पंपाचा दोष नव्हता.

"चहा टाकते," त्या भावाला म्हणाल्या आणि आत गेल्या.

भाऊ खोटा ठरू नये म्हणून मी दोषी राहिलो. मामाचे खोटे मी एक वेळ विसरेन, पण ताईंचे गप्प बसणे विसरू शकत नाही.

मित्रांनो, झाडांना जपा आणि अवजारे धुऊन ठेवा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या हातून चूक झाली तर ती मुक्या वस्तूच्या माथी मारू नका. आणि दुसऱ्याची चूक तुम्हाला कळली, तर आमच्यासाठी तोंड उघडा. आम्हाला "मी नाही केलं" असे म्हणता येत नाही.