शून्य माणसं, शून्य तक्रारी

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. खिशात मावणारा नव्हे, चांगला टेबल अडवून बसणारा, वेटोळ्या वायरचा. कारखान्यात शेवटच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्यात तीनदा 'हॅलो' म्हणून बघितलं आणि शेजारणीला सांगितलं, "याचा आवाज खणखणीत आहे." त्या एका वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षं काढली. वाटलं होतं, एखाद्या मोठ्या माणसाच्या टेबलावर जाऊ. गेलो ते एका मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, धुलाईखान्याशेजारच्या खोलीत.

इस्पितळ नऊ मजली होतं. कॉम्प्युटर सातशे, आणि ते बिघडले की धावणारी माणसं सहा. दिवसाला मी नव्वद वेळा वाजत असे. कुणाचा प्रिंटर कागद गिळून बसायचा, कुणाचा माउस रुसायचा. नोंदणीच्या काकांनी एकदा विचारलं, "पासवर्ड बदलून मिळेल का? त्यात सुनेचं नाव आहे. सध्या आमचं बोलणं बंद आहे, रोज सकाळी टाइप करायला जिवावर येतं." सहाजणांत ताई सगळ्यात जुन्या. त्यांनी न हसता पासवर्ड बदलून दिला, आणि फोन ठेवल्यावर खुर्ची फिरवून पोटभर हसून घेतलं.

मग नवे व्यवस्थापक आले. प्रत्येक गोष्ट ते टक्क्यांत सांगत, म्हणून त्यांचं नाव टक्केसाहेब पडलं. सहा माणसं जास्त होतात, असं त्यांना वाटलं. त्यांनी तिघांना दुसऱ्या कामांवर पाठवलं. महिनाभराने तक्रारवही मागवली, तर रोजच्या तक्रारी नव्वदवरून पन्नासवर आलेल्या. साहेब खूश झाले. आणखी दोघांना हलवलं, तर तक्रारी पंचवीसवर आल्या.

"बघा," ते ताईंना म्हणाले, "माणसं कमी केली की तक्रारीही कमी होतात."

"साहेब, वहीत उचललेलेच फोन लिहिले जातात. तक्रारी तेवढ्याच आहेत, उचलणारे हात कमी झालेत."

"आकडे खोटं बोलत नाहीत, ताई."

"आकडे बोलतच नाहीत. बोलतो तो हा फोन. आणि मी पाचव्या मजल्यावर टेबलाखाली शिरलेली असते तेव्हा तो इथं एकटाच बोलत असतो."

अगदी खरं होतं. रिकाम्या खोलीत घसा फुटेस्तोवर वाजणं काय असतं, ते मला विचारा. शेजारचा धोबी वैतागून येई, मला उचलून "इथं फक्त चादरी मिळतील" असं सांगे आणि परत जाई.

ताईंच्या वडिलांना मोतीबिंदू झाला होता. ऑपरेशन आमच्याच तिसऱ्या मजल्यावर व्हायचं होतं. रजा मिळाली नाही म्हणून ताईंनी दोनदा तारीख पुढे ढकलली. म्हातारे शेवटी खांबालाच नमस्कार करून "बसा, बसा" म्हणाले, तेव्हा मात्र ताईंनी रजेचा अर्ज साहेबांपुढे ठेवला आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

"काही हरकत नाही," साहेब म्हणाले. "उद्या मीच बसतो. पंचवीस फोन म्हणजे तासाला जेमतेम तीन. मधल्या वेळात माझा अहवाल लिहून होईल." ही खोलीच बंद करता येईल, असा तो अहवाल होता. शून्य माणसं ठेवली की शून्य तक्रारी, हिशेब सरळ होता.

दुसऱ्या दिवशी साहेब पेनाचं टोपण काढतात तोच मी वाजलो. ठेवलं की वाजलो. साडेनऊपर्यंत त्यांचा चहा साय धरून बसला. दहाला ते डबल ढांगा टाकत जिन्याने वर गेले आणि घामाघूम होऊन परतले. प्लग नीट बसला नव्हता, एवढंच. सव्वादहाला तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरचा फोन आला.

"तपासण्यांचे रिपोर्ट उघडत नाहीत. ते बघितल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशन सुरू करणार नाहीत."

"पेशंट कोण आहे?"

"आपल्या कॉम्प्युटरवाल्या ताईंचे वडील."

साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "ताई आहेत तिथं?"

"आहेत. पण आज त्या पेशंटची मुलगी म्हणून आल्यात."

तेवढ्यात म्हाताऱ्यांचा आवाज ऐकू आला. "घे बाई तो फोन. मी काही पळून जात नाही, मला दिसत नाहीये."

ताई फोनवर आल्या. "साहेब, मागच्या कपाटात खालून दुसरी पेटी बघा. दिवा कसला आहे?"

"लाल."

"बंद करा. दहा आकडे मोजा. चालू करा."

साहेबांनी मोजले. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच टक्क्यांशिवाय मोजले.

"उघडले," ताई म्हणाल्या.

"एवढंच होतं?"

"एवढंच. पण त्याला एकाच वेळी दोन माणसं लागतात, एक इथं बघायला आणि एक तिथं दाबायला. आणि तोवर तिसरा कुणीतरी फोन करतच असतो."

साहेबांनी मला खाली ठेवलं आणि माझ्या छोट्या काचेकडे पाहिलं. न उचललेले फोन तिथं दिसतात. पुन्हा पुन्हा केलेले धरून सकाळपासूनचे एकसष्ट होते. इतकी वर्षं ती काच माझ्या कपाळावर होती, पण कपाळ वाचायची सवय कुणाला असते? वर ऑपरेशन नीट पार पडल्याचा निरोप आला, तरी साहेब तो आकडाच बघत होते. मग त्यांनी अहवालाची पानं उलटी केली आणि कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं.

विश्वस्तांच्या बैठकीत "पुरावा काय?" असं विचारलं गेलं, तेव्हा साहेब वायर काढून मलाच काखेत मारून घेऊन गेले. त्या अर्ध्या तासात सगळं इस्पितळ एकमेकांना विचारत होतं की तळमजल्याचा फोन मेला की काय. सहा मागितली, पाच माणसं मिळाली. साहेब म्हणाले, "त्र्याऐंशी टक्के यश." ताईंनी त्या दिवशी जेवणाचा डबा बसून खाल्ला.

खोलीत आता नवा फोन आलाय. मला मोडीत काढणार होते, पण ताईंनी तिसऱ्या मजल्यावर नातेवाइकांच्या बाकाशेजारी नेऊन बसवलं. इथं लोक घरी फोन करतात. "झालं, शुद्धीवर आले, पाणी मागितलं." माझा आवाज अजून खणखणीत आहे, असं म्हणतात.

मित्रांनो, एकच विनंती आहे. कुठंही फोन केलात, खूप वेळ वाजला आणि शेवटी कुणी धापा टाकत उचलला, तर रागावू नका. रिसीव्हरही आदळू नका. पलीकडे बहुतेक वेळा एकच माणूस असतो.