कोऱ्या फॉर्मवर उठलेला शिक्का

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. वापरातून काढून टाकलेला. एवढ्याशा लाकडी मुठीचं कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुम्हाला वाटेल. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण माझ्या पोटात एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

शिक्के बनवणाऱ्या एका चष्मेवाल्या म्हाताऱ्याच्या दुकानात माझा जन्म झाला. वर मूठ, खाली रबर, रबरावर उलटी अक्षरं: 'तपासले. मर्यादेत आहे.' म्हाताऱ्याने मला रद्दी कागदावर तीनदा आपटलं, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, "हं, बरा उठतोय." आयुष्यातलं माझं हे पहिलं कौतुक. पुढे फारसं कुणी केलं नाही, शिक्क्याचं कौतुक करायला वेळ असतो कुणाला!

तिथून मी गेलो ते विजेच्या सुट्या भागांच्या गोदामात. वायरी, बटणं, इवलेसे दिवे, असा माल तिथे खोक्यांतून यायचा आणि खेळणी, पंखे, घड्याळं बनवणाऱ्यांकडे जायचा. अशा मालात विषारी पदार्थ असू शकतात. शिसं हे त्यातलं मोठं नाव. हजार भागांत एका भागाहून जास्त शिसं असेल तर तो माल विकायचा नाही, असा कायदा आहे. माल पुरवणारे 'आमच्या मालात ते नाही' अशी लेखी हमी पाठवतात. पण हमी म्हणजे शेवटी कागदच. म्हणून आमच्याकडे ताई होत्या.

ताईंचं काम तपासणीचं. प्रत्येक लॉटमधली तीन खोकी त्या फोडायच्या. एक वरचं, एक मधलं आणि एक अगदी तळातलं. "वरचं खोकं पाहुण्यांना दाखवायला असतं," असं त्या म्हणायच्या. मग तपासणीची बंदूक मालाला टेकवायच्या. ही बंदूक गोळी मारत नाही, कुठला धातू किती आहे त्याचा आकडा दाखवते. तो आकडा फॉर्मवर लिहायचा, तारीख घालायची, सही करायची आणि सगळं झाल्यावर मला हातात घ्यायचं. मग कुणी कितीही घाई करो. गोदाम सांभाळणारे काका दारात उभे राहून कुरकुरायचे, "ताई, ट्रकवाला माझ्या डोक्यावर मिरे वाटतोय."

"वाटू दे. तळातलं खोकं राहिलंय अजून."

मी शाईच्या गादीवर पडून गालातल्या गालात हसायचो. खरं सांगतो, तेव्हा मला जरा शिंगंच फुटली होती. माल चांगला आहे हे माझ्यामुळे ठरतं, असा माझा समज होता.

ताईंना एक धाकटी बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा ताईंनीच तिला लहानाची मोठी केली. धाकटीला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा मूल हाती लागलं नाही. तिसऱ्या वेळी ताईंनी बारा दिवसांची रजा मागितली. नऊ वर्षांतली पहिलीच.

रजेवर जायच्या दिवशी काका डोकं खाजवत टेबलाशी आले. "ताई, तुम्ही नसलात की सगळा माल अडकणार. दहा फॉर्मवर सही-शिक्का करून ठेवता का? बंदूक मी टेकवीन, आकडे, तारखा मी घालीन."

"तिन्ही खोकी फोडाल?"

"शब्द देतो."

तेवढ्यात फोन वाजला. धाकटीला कळा सुरू झाल्या होत्या. ताईंनी पर्स खांद्याला लावली आणि उभ्याउभ्या मला उचललं. दहा कोरे फॉर्म. मी पटापट उठत गेलो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बाळाची बातमी येणार म्हणून मीही खुशीत होतो. त्या दहाही कागदांवर माझं एक अक्षर फिकट आलं नाही.

काकांनी शब्द पाळला, पण नऊच वेळा. दहाव्या वेळी बंदुकीची बॅटरी उतरली होती आणि खाली ट्रक चालू करून ठेवलेला होता. माल जुन्याच माणसाकडचा, मऊ पांढऱ्या वायरची भेंडोळी. हमीचा कागदही सोबत होता. काकांनी मागच्या लॉटचा फॉर्म काढला, त्यावरचा आकडा पाहिला आणि तोच उतरवून काढला. मी टेबलावर होतो, मी पाहिलंय. लिहिताना त्यांचा हात जरासा अडखळला. पण फॉर्मवर शिक्का आधीच होता, त्यामुळे काम झाल्यासारखंच दिसत होतं.

ताई परत आल्या त्या हसत हसत. मुलगी झाली होती. तिचं नाव काहीही असो, सगळे तिला चिमणीच म्हणायचे. टेबलाच्या काचेखाली चिमणीचा फोटो आला आणि ताई बंदूक चार्जिंगला लावतानाही त्या फोटोशी बोलू लागल्या.

वर्षभराने खेळणी बनवणाऱ्या एका गिऱ्हाईकाने नवा नमुना दाखवायला आणला. सशाच्या आकाराचा दिवा, त्याला लांब पांढरी वायर आणि टोकाला बटण. वायर आमच्याकडची. ताईंनी लॉटचा नंबर विचारला, फाइल उघडली, माझा निळा ठसा पाहिला आणि फाइल मिटली. तारीख पाहिली नाही. आपल्याच शिक्क्याची तारीख कोण बघतं? "आपल्या हातून गेलेला माल आहे," त्या म्हणाल्या आणि चिमणीच्या पहिल्या वाढदिवसाला तो ससा घेऊन गेल्या.

चिमणीला सशाचा भारी लळा. तिचे दात येत होते. "वायर चावत चावतच झोपते, वेडी कुठली," ताई कौतुकाने सांगायच्या. काका हसायचे. मीही हसलो होतो, हे आठवलं की मला माझीच शिसारी येते.

दोन वर्षांची झाली तरी चिमणी बोलेना. जे चार शब्द येत होते तेही गेले. तिचं पोट दुखायचं, ती सारखी किरकिरायची. होतं काही मुलांचं उशिरा, असं सगळे म्हणाले. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्तात शिसं निघालं. घरात ही काय तोंडात घालते, असं त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी पिशवीतून ससा काढला. वायरवर बारीक दातांच्या खुणा होत्या. त्यांनी बंदूक टेकवली. हजारात एकतीस. बंदुकीचं तोंड पुसून पुन्हा टेकवली. एकतीस. तिसऱ्यांदाही तेवढेच. मग त्यांनी फाइल काढली, आणि या वेळी काकांच्या अक्षरातली तारीख वाचली.

काकांना बोलावलं. त्यांनी आधी ससा पाहिला, मग फाइल. "बॅटरी उतरली होती, ताई. तेवढा एकच लॉट..."

"तुम्ही आकडा लिहिलात, काका," ताई म्हणाल्या. "तपासलं असं मी म्हटलं होतं."

मालक म्हणाले, चार भिंतींत ठेवू, आणखी कुणाची तक्रार तर नाही ना? ताई म्हणाल्या, "त्यांना अजून कळलेलं नाही, म्हणून नाही." त्यांनी स्वतः सरकारी कार्यालयाला आणि खेळणीवाल्याला पत्रं लिहिली. दोनशे चाळीस ससे विकले गेले होते. एकशे एकाहत्तर परत आले.

वायर आमच्याकडची होती एवढंच ताईंनी धाकटीला सांगितलं होतं. पुढचं त्यांच्या तोंडून निघतच नव्हतं. एक दिवस धाकटी स्वतःच गोदामात आली, चिमणीला कडेवर घेऊन. डॉक्टरांना तपासणीचा कागद हवा होता. ताईंनी तो तिच्या हातात दिला. मी शेजारीच होतो.

"हा शिक्का तुझाच ना, ताई?"

"माझाच."

"मग तू तपासूनही हे सुटलं कसं? तुझ्या नजरेतून तर काही सुटत नाही."

धाकटीचं बोट कागदावरून खाली सरकत गेलं आणि तारखेपाशी थांबलं.

"या दिवशी तर तू माझ्याजवळ होतीस," ती हळूच म्हणाली. "चिमणीला आंघोळ घालत होतीस."

"हो."

चिमणीने मला धरायला हात पुढे केला. धाकटीने तो पटकन मागे ओढला, तिला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि कागद घेऊन ती जिना उतरून गेली. ताई तिच्या मागे गेल्या नाहीत. कितीतरी वेळ त्या मला हातात धरून बसल्या होत्या. त्या रडत होत्या. मला लाकडाचं अंग आहे, मला रडता येत नाही, नाहीतर मीही रडलो असतो.

त्याच आठवड्यात त्यांनी नोकरी सोडली. रद्द शिक्का कापून ठेवायचा असा नियम आहे, म्हणून जाण्याआधी त्यांनी माझी शाई पुसली आणि माझ्या अक्षरांवरून ब्लेड फिरवलं. तेव्हापासून मी या खणात आहे. कधीतरी काका खण उघडतात, माझ्याकडे बघतात आणि आपलं आपणच बोलत बसतात. त्यांच्याकडूनच मला पुढचं कळतं.

मित्रांनो, त्यातले एकोणसत्तर ससे अजून कुणाच्या ना कुणाच्या घरात आहेत. लहान मूल वायर चावत असेल तर ती त्याच्या हातून काढून घ्या, खोक्यावर कुणाचाही शिक्का असला तरी. आणि मोठेपणी तुमच्या हातात माझ्यासारखा एखादा शिक्का आला, तर आधी माल पाहा. कितीही घाई असू द्या, कितीही जवळच्या माणसासाठी असू द्या, कोऱ्या कागदावर त्याला उठवू नका. शिक्क्याला डोळे नसतात. तुम्ही पाहिलं असेल तेवढंच त्याने पाहिलेलं असतं.

चिमणी आता चार वर्षांची आहे. बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे ती रोज जाते. तिला अकरा शब्द येतात, असं काका परवा सांगत होते. आई येतं, बाबा येतं, पाणी येतं. मावशी येत नाही. तो शब्द तिला घरात कुणी शिकवत नाही.