मरण विसरलेली पेशी

मी एक पेशी बोलतेय. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. हॅमस्टर या उंदरासारख्या छोट्या प्राण्याच्या एका मादीच्या बीजांडकोशातून माझ्या पूर्वजांना काढलं. ती मादी केव्हाच मेली, आमचा वंश मात्र बाटल्याबाटल्यांतून वाढत राहिला. माझा जन्म कोलकात्याचा, न्यू टाउनमधल्या एका औषध कंपनीतला. पोलादी टाकीत आम्ही वाढतो आणि एक प्रथिन तयार करतो. त्याचंच कर्करोगावर औषध होतं.

टाकीत दाटी फार. आमचीच घाण साचते, प्राणवायू कमी पडतो. अशा वेळी थकलेली पेशी मुकाट्याने स्वतःला संपवते. ही आमची जुनी रीत. आम्ही जास्त जगलो तर औषध जास्त, म्हणून मंजुषाला ती मोडायची होती.

मंजुषा नाशिकहून इथे नोकरीला आलेली. तिने आम्हाला उपाशी ठेवलं, घाणीत बुडवलं. मेल्या त्या फेकल्या, उरल्या त्यांना पुन्हा तेच. दीड वर्ष. शेवटी मी उरले. बाटली उजेडात धरून ती म्हणाली, "चिवट आहेस गं!" मला केवढा अभिमान वाटला!

मग माझ्या लेकीबाळींनी टाकी भरली. एप्रिलमधल्या एका दुपारी वादळात वीज गेली आणि जनरेटर काही सुरू होईना. तीन तास टाकीत हवा नव्हती. शेजारच्या टाकीतल्या जुन्या रीतीच्या पेशी मेल्या. आम्ही जगलो. विभागप्रमुख प्रभाकर सर धावत आले. "मंजुषा, तुझ्या पेशींनी बॅच वाचवली!"

वाचवली नव्हती. श्वास कोंडला असताना आम्ही प्रथिन वेडंवाकडं घडवत होतो. कळत होतं, पण थांबता येत नव्हतं.

चार दिवसांनी मंजुषा तपासणीचा कागद घेऊन आली. "सर, प्रथिनाच्या गुठळ्या होताहेत. बॅच टाकून द्यावी लागेल."

"नवी यायला दोन महिने लागतील. चाचणीत हे औषध मिळणाऱ्या रुग्णांच्या यादीत माझी वहिनी आहे, ठाऊक आहे ना तुला? बराकपूरची प्रेमलतावहिनी."

"ठाऊक आहे, सर. म्हणून तर म्हणतेय. हे त्यांच्या शिरेत जाऊ देऊ नका."

सरांनी टाकीवर हात ठेवला. मग म्हणाले, "टाक."

टाकीत वाफ सोडली. वाफेपुढे कुणाचा चिवटपणा चालत नाही.

नवी बॅच तयार होण्याआधीच प्रेमलताबाई गेल्या. तेरावं उरकून सर कामावर आले.

"सर, मी..." मंजुषा म्हणू लागली.

"तुझं बरोबर होतं," ते म्हणाले. त्या दिवसापासून ते तिच्याशी मराठी सोडून इंग्रजीतच बोलतात.

वाफ सोडण्याआधी मंजुषाने आमच्यातल्या काहींना बाटलीत काढून घेतलं होतं; आता बोटाएवढ्या कुपीत भरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलंय. मी त्यांतलीच. इथे भूक नाही, वाढ नाही, मरणही नाही. कधीतरी कुणी मला जागं करील. बाबांनो, मी जिवंत दिसले म्हणून भुलू नका. मी काय घडवतेय ते आधी पाहा. ते वाईट निघालं, तर मला मरू द्या.