धूर मोजायला आलेला पाहुणा

मी धूर मोजणारा डबा बोलतोय. ‘यंत्र’ म्हटलं असतं तर तुम्ही जरा सावरून बसला असता. पण मनोरच्या पुढच्या पाड्यावर मला डबाच म्हणतात, आणि झालेल्या फजितीनंतर मलाही तेच शोभतं.

धुराचा बारीकसा कणही माझ्या तावडीतून सुटत नाही, असं माझ्या खोक्यावर छापलं होतं. ते वाचून मी फारच चढून गेलो. मला घेतलं बोईसरच्या अॅलर्जीच्या डॉक्टर मेघालीबाईंनी. त्यांना एकच प्रश्न छळत होता. दमा तोच, औषध तेच. मग बोईसरच्या कॉलनीतला पेशंट दुसऱ्या दिवशी कामावर जातो, आणि पाड्यावरची बाई जीव घशाशी आल्यावरच दवाखान्यात का पोचते? म्हणून त्या घराघरांतला धूर मोजत होत्या. जिथे धूर जास्त, तिथल्या दमेकऱ्याला वर्षभराचं औषध आधी मिळणार होतं.

मला जिवलीच्या घरी चुलीवरच्या खिळ्याला टांगलं, आठ दिवसांसाठी. जिवलीला दमा होता. पाण्याची कळशी आणताना ती दोनदा थांबायची. तिचा नवरा झिपरू मला बघून म्हणाला, “डॉक्टरबाईंचा पावना हाय. नीट ऱ्हाऊ दे त्याला.”

आठ दिवस मी डोळ्याला डोळा लागू न देता मोजत राहिलो. धूर जवळपास नाहीच! नवव्या दिवशी मी ऐटीत आकडे दिले आणि जिवलीचं नाव औषधाच्या यादीत पार तळाला गेलं. तेव्हा मी खुशीत होतो, हे सांगताना आज लाज वाटते.

बाईंना मात्र खटकलं. जिवलीने तपासणीच्या नळीत फुंकर मारली, ती आठवड्यापूर्वीपेक्षा बरीच जोरात.

“नवीन औषध घेतलंस का गं?”

“नाय बाई. जुनं होतं ते पन सरलं.”

“मग घरात काय बदललं?”

“चूल भायेर काढली ना. वर पावना टांगलाय, त्याला धूर नाय लागनार?”

धूर मोजायला मी आलो होतो आणि या माणसांनी माझ्यापासूनच धूर लांब ठेवला होता. पाहुण्याच्या ताटात आधी वाढावं, तशी मला स्वच्छ हवा वाढली होती. आणि खाली चूल उरली नाही हेही न बघता मी ती मिटक्या मारत खाल्ली!

बाई म्हणाल्या, “अगं, मग स्वतःसाठी कधीच का नाही काढलीस?”

जिवली हसली. “माज्यासाटी कोन काडतो चूल भायेर? पावन्यासाटी काडतात.”

झिपरू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. बाईंनी माझे आकडे खोडले, जिवलीचं नाव पुन्हा वर घेतलं आणि जाताना झिपरूला सांगितलं, “पाहुणा अजून राहणार आहे बरं का.” पावसाआधी झिपरूने अंगणातल्या चुलीवर पेंढ्याचं छप्पर घातलं.

गेल्या दिवाळीत माझी बॅटरी संपली. दवाखान्यातली मोनाली मला न्यायला आली, तर जिवली आडवी उभी राहिली.

“बंद पडलाय, ठाव हाय मला. ऱ्हाऊ दे. तो गेला का चूल आत येल.”

चालू होतो तेव्हा हिचं नाव तळाला घातलं, आणि बंद पडल्यावर कामाला आलो. एवढी हुशारी मला पुरे. जिवली आता कळशी घेऊन न थांबता येते. मी ते दारातून बघतो आणि मला फार बरं वाटतं.

तेव्हा हात जोडून सांगतो, मला दुरुस्त करू नका. ज्या दिवशी या घरात चूल जिवलीसाठी बाहेर राहील, त्या दिवशी खुशाल मला खिळ्यावरून काढा.