टोपातला साखरेचा लेप

मी एक जुना जर्मनचा टोप आहे. बुडाला पोचा, एक कान गायब. हसू नका, मित्रांनो! मुरबाडच्या बाजारातून तानीनं मला आणलं तेव्हा माझ्यात तोंड दिसायचं.

सिद्धगडाच्या पायथ्याशी आमचा पाडा. विजेचे खांब आले होते, वीज नव्हती. तानीचा नवरा सुदाम कल्याणला एका बेकरीत होता. पिठाच्या धुळीनं त्याची छाती धरली आणि तो कायमचा घरी आला. त्याला एकच घोर लागला, आपल्यामागं तानीचं कसं होणार? बेकरीसारखे डोनट तिला जमले, तर जवळच्या म्हसा गावच्या जत्रेत दुकान मांडता येईल, म्हणून तो खाटेवर पडल्या पडल्या तिला शिकवू लागला.

कोमट दुधात पिठीसाखर घालून ती माझ्यात घोटायची आणि तळलेला डोनट गरम असतानाच बुडवायची. सुदाम त्या लेपाला ग्लेझ म्हणायचा. चव अगदी बेकरीची, असं तो पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी काय फुगलो म्हणून सांगू!

पण मेला तो लेप वाळेना. तानी डोनट भाकरीसारखेच टोपलीत ठेवायची आणि वर फडकं घट्ट झाकायची. अन्न उघडं टाकू नये, हे आईचं वळण. लेप पाझरायचा, फडक्याला चिकटायचा. धुरानं खोकला उसळतो म्हणून सुदामची खाट आतल्या खोलीत. त्याला फडकं कुठून दिसणार? तो म्हणायचा, दूध कमी कर. ती करायची, तरी चिकटच. मग तो चिडायचा आणि ती माझ्यावर राग काढायची. माझा कान तेव्हाच तुटला. मला सगळं दिसत होतं हो, पण टोपाला वाचा कुठली?

जत्रेच्या तोंडावर सुदाम गेला. जाताना म्हणाला, "तुला नीट शिकवता नाय आलं गो."

दहाव्याला तानीनं डोनटच केले. ओढ्याकाठी पानावर मांडून माझ्यातला लेप वर ओतला. कावळ्याचं पान झाकत नाहीत. कावळा येईना, माणसं ताटकळली. वारा सुटला होता. तानीनं वाकून बोट लावलं, तर लेप वाळून चकाकत होता. बोटाला काहीच लागलं नाही.

सासू बाईजा घाबरून जवळ आली. तानी म्हणाली, "आई, त्यांचं बरोबर व्हतं. मीच झाकून ठेवत व्हती." आणि तिनं हंबरडा फोडला.

पुढं जत्रेत तिचे डोनट खपले. मोठी कढई आली, मी कोंबड्यांच्या पाण्याला लागलो. वाईट वाटतं, पण ते असो. मित्रांनो, मला घासायचं विसरलात तरी चालेल. घरात कुणी पडल्या पडल्या काही शिकवत असेल, तर चूल घटकाभर विझवा, पण त्याची खाट उचलून चुलीपाशी आणा.