सांधलेला मणका

पडद्यांच्या कारखान्यात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. कापड बेतायचं काम तिचं. लांबलचक टेबलावर ओणवं होऊन दिवसभर कात्री चालवायची. सात वर्षांपूर्वी कंबर दुखायला लागली, ती कायमची. सुरुवातीला लोकांनी विचारपूस केली, पण रोज मरे त्याला कोण रडे? मग तिनंही सांगणं सोडलं. उठताना कुशीवर वळायचं, हाताचा टेकू द्यायचा, शिंक आली की भिंत धरायची. त्याचीही सवय झाली.

एवढ्या वर्षांत ही कंबर तिनं एकाच माणसाच्या हाती दिली, ताईच्या. ताई सात वर्षांनी मोठी, दोन गल्ल्या सोडून राहणारी. दर रविवारी दुपारी यायची, तेल कोमट करायची आणि न बोलता पाठ चोळून द्यायची.

शेवटी एमआरआय झाला. रिपोर्ट तिनं दवाखान्याच्या जिन्यातच वाचला. निम्मे शब्द डोक्यावरून गेले, उरलेल्या निम्म्यांनी धडकी भरवली.

डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर लावली. "हे मणके, मधे या गाद्या. खालची गादी सुकून जरा फुगलीय. पण नस मोकळी आहे."

"म्हणजे ऑपरेशन?"

"नाही हो. जन्मात कंबर दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या फोटोत हेच दिसतं. चेहऱ्याला सुरकुत्या पडतात, तशा पाठीलाही. फोटोवरून दुखणं मोजता येत नाही." मग त्यांचं पेन वर सरकलं आणि थांबलं. "लहानपणी कुठून पडला होतात का?"

"नाही."

"हा बघा. बाकीचे चौकोनी आहेत, हा पुढून दबलाय, पाचरीसारखा. कधीतरी मोडून सांधलाय. फार जुनं आहे."

ते वाक्य तिच्या मानगुटीवर बसलं. कापडावर खडूची रेघ मारताना आठवायचं: मोडून सांधलाय. आपल्याच अंगात एवढं घडून गेलं आणि आपल्याला पत्ता नाही? आई असती तर विचारलं असतं. आता घरचं माणूस म्हणून ताईच उरली होती.

रविवारी ती पालथी पडल्या पडल्या म्हणाली, "ताई, मी लहानपणी पडले होते का गं?"

पाठीवरचे हात थांबले. आणि त्या क्षणी तिच्या ध्यानात आलं की हे हात नेहमी इथंच थांबतात. कमरेपासून वर येतात, एक जागा वगळतात आणि पुढे जातात.

"कोण म्हणालं?"

"फोटोत दिसतंय."

ताईनं हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली.

"तू चार वर्षांची होतीस. आई कामाला गेलेली. तू माळ्यावर चढलीस आणि उतरेनास. मला खेळायला जायचं होतं. तुला घाबरवायला मी शिडी काढून घेतली. म्हटलं, बस आता तिथंच. माळ्यावर अंधार होता; तू शिडी आहे असं समजून पाय खाली टाकलास."

मास्तरीणबाई कुशीवर वळली, हाताचा टेकू देऊन उठून बसली.

"रडलीससुद्धा नाहीस. आईला मी सांगितलं, ताप आलाय. तीन आठवडे उठली नाहीस. मग उठलीस, चाललीस. मला वाटलं, मिटलं."

"आईला कळलं नाही?"

"कळलं असेल. विचारलं नाही तिनं."

त्यानंतर ताई दोन रविवार आली नाही. इकडे मास्तरीणबाईला भलतंच व्हायला लागलं. स्टुलावर चढून नमुन्याचे पडदे लावताना पाय खाली घेतला की तळव्याला एकदम पोकळी लागायची. चव्वेचाळीस वर्षं न आठवलेली गोष्ट आता दिवसातून चारदा आठवायची. ती आपली आठवण की ताईनं दिलेली, हे काही तिला उमगेना.

ती पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेली. या वेळी ताईला दंडाला धरून घेऊन गेली.

"याच्यामुळंच दुखतं का हिला?" ताईनं फिल्मकडे न बघता विचारलं.

"तसं वाटत नाही. दुखतंय ते बरंच खाली. हा मणका पक्का सांधलाय. त्यांना हवाय व्यायाम, चालणं आणि जरा उंच टेबल."

"पण आधी तिथं मोडलं म्हणूनच खाली…"

"छातीठोक कुणीच सांगू शकणार नाही. पण मी तरी त्याला दोष देणार नाही."

ताईनं आता मान वर केली. त्या पाचरीकडे ती एकटक बघत राहिली. "हे पुसलं जाईल का कधी?"

"नाही. आणि गरजही नाही."

कारखान्यात टेबलाखाली लाकडी ठोकळे बसले. मास्तरीणबाई सकाळी चालायला लागली. दुखणं गेलं नाही, पण आठवड्यातले दोन-तीन दिवस बरे जाऊ लागले. ताईला तिनं तसं सांगितलं. ताईनं मान डोलावली, पण तिला ते पटल्याचं काही दिसलं नाही.

पण ही सगळी नंतरची गोष्ट. त्या दिवशी दवाखान्यातून निघाल्या, तेव्हा ताई जिन्यात तिच्या पुढे झाली. एक हात कठड्यावर, तोंड तिच्याकडे वळवलेलं; एकेक पायरी ती उलटी उतरत होती.

"अगं, मी पडत नाही. तूच पडशील."

"ये तू," ताई म्हणाली. मास्तरीणबाईच्या खालची पायरी तिनं काही सोडली नाही.