तिम्मण्ण भटांचा आतुर संन्यास

माझं नाव मूकांबा. मी सासरी येऊन आठ दिवस झाले नाहीत तोच सासरे म्हणाले, "हिचं नाव ठेवणाऱ्याचा अंदाज साफ चुकला." खरं आहे ते. मी मनात काही ठेवत नाही, बोलून मोकळी होते. पण जन्मात एकदाच जिथं ठणकावून 'नाही' म्हणायला हवं होतं, तिथं मुकाट्यानं 'हो' म्हणून बसले. त्याची ही हकीकत.

आमचं बाळेगद्दे म्हणजे चौदा घरं, सुपारीच्या बागा आणि गोपाळकृष्णाचं देऊळ. देवळाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात. माझे यजमान तिम्मण्ण भट एकेचाळीस वर्षं ती पूजा करत होते. पूजा कसली, संसारच तो. गाभाऱ्यातली दगडी मूर्ती मोठी आहे, आणि तिच्यापुढं एक पंचधातूची, वितीएवढी, उत्सवात पालखीत बसते ती. यांचा सगळा जीव त्या वितभर गोपाळात. सकाळी दार उघडताना विचारायचे, "उठलात का महाराज? डास चावले का?" अंघोळीचं पाणी आधी स्वतःच्या कोपराला लावून बघायचे. नैवेद्य दाखवून पडदा ओढला की आत कुजबुज चालायची, आणि मला बाहेर सगळं ऐकू यायचं. "आज ताकाच्या तांबळीत मीठ जास्त पडलंय, सांभाळून घे. हिचं डोकं फिरलंय सकाळपासून." माझ्या चुगल्या, आणि त्या देवाकडे! मी म्हणायचे, "सवत आणलीत ती आणलीत, तीही वितभर उंचीची?" हे हसायचे. "सवत कसली गं, थोरला तो तुझा. विघ्नेश्वर धाकटा."

विघ्नेश्वर आमचा एकुलता एक मुलगा. मठाच्या पाठशाळेत नऊ वर्षं वेदान्त शिकून परत आला. हुशार, निर्व्यसनी, आणि बापावर माया करणारा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल. मूर्तीला तो पायरी म्हणायचा. "अप्पय्या, पायरीवरून वर जायचं असतं. तिथंच बिऱ्हाड थाटायचं नसतं."

"तू जा बाबा वर," हे म्हणायचे. "याला एकट्याला खाली टाकून मी कसा येऊ?"

"अहो, ब्रह्माला नाव नाही, रूप नाही, भूक नाही, तहान नाही!"

"मग त्याच्यासाठी पायस कुणी शिजवायचं?"

विघ्नेश्वर कपाळाला हात लावायचा आणि मी पदर तोंडाशी धरून हसायचे. आमच्या घरातली भांडणं अशी होती. बरी होती.

मग ताप आला. तेव्हा आमच्या डोंगरात दर वर्षी ताप यायचा आणि घरटी एखादं माणूस घेऊन जायचा. सातव्या दिवशी यांची नाडी हाताला लागेना. वैद्यांनी मान हलवली आणि चपला घातल्या. विघ्नेश्वर मला परसात घेऊन गेला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. "आई, अप्पय्या संध्याकाळ बघत नाहीत. त्यांना आतुर संन्यास देऊया. त्या बाहुलीत जीव अडकवून गेले तर पुन्हा जन्म, पुन्हा हेच. एवढं केलं तर सुटतील. पण बायकोची परवानगी लागते."

आतुर संन्यास म्हणजे मरताना घ्यायचा. होम नाही, तयारी नाही. शेंडी कापायची, जानवं उतरवायचं, हातात पाणी घेऊन तीनदा म्हणायचं की मी सगळं सोडलं. त्या क्षणी माणूस घराला मेला. बायको नाही, मुलगा नाही, चूल नाही. जीव गेला तर मोक्ष. आणि जीव राहिला तर? तर तो संन्यासीच राहिला. परत फिरायला वाट नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण नाडी लागत नव्हती हो! मी म्हटलं, संध्याकाळपर्यंतचा तर माणूस, त्याचं भलं होत असेल तर आपण कशाला आडवं यायचं. म्हटलं, "हो."

पहिल्यांदा यांना बोलताच येईना. विघ्नेश्वरनं कानाशी लागून वदवून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणताना यांचे डोळे खिडकीकडे गेले, देवळाच्या कौलांकडे. मग मिटले.

चौथ्या दिवशी सकाळी ते उघडले आणि हे म्हणाले, "भूक लागलीय."

मी वेडीपिशी होऊन चुलीकडे धावले, पेज वाढली, वाटी घेऊन वळते तो विघ्नेश्वर दारात उभा. पांढराफटक पडलेला. "आई, थांब. त्यांना आता आपल्या घरचं चालत नाही. शेजाऱ्यांकडून भिक्षा आणतो." वाटी माझ्या हातात तशीच. पलीकडच्या खोलीतून हे विचारतायत, "काय गं, झाली नाही का पेज अजून?"

तीन दिवसांत यांची झोपडी ओढ्याकाठी उभी राहिली. भगवं वस्त्र, डोकं भादरलेलं, हातात दंड. गावातली माणसं पाया पडू लागली, स्वामी म्हणू लागली. सकाळी तीन घरी भिक्षा मागायची, आमचं घर सोडून. मग परमय्य हेगडे आले. गावातले वडीलधारे, सगळ्या गोष्टींवर ज्यांचं मत तयार असतं ते. म्हणाले, "मूकांबक्का, तुमच्या कुंकवाचं काय करायचं ते ठरवावं लागेल."

"भावोजी," मी म्हटलं, "ते रोज तुमच्या दारात भात घेतात ना? मेलेल्या माणसाला वाढता तुम्ही?"

कुंकू राहिलं. पण हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली, एकही आलं नाही पुन्हा.

माझं जाऊ द्या. यांचं काय झालं ते बघा. जानवं नाही, शेंडी नाही, म्हणजे गाभाऱ्यात पाऊल टाकायचं नाही, मूर्तीला हात लावायचा नाही, असं सगळ्या गावानं धरूनच चाललं. कुणी पोथी उघडली नाही. हे असंच असतं, एवढं सगळ्यांना माहीत होतं. विघ्नेश्वर तर आणखी पुढं गेला. म्हणाला, संन्याशानं रूप आठवणं हेसुद्धा पतन. आणि पतित संन्याशाला कुठल्याच शास्त्रात प्रायश्चित्त नाही. बापाची सद्गती आपल्या हातून बिघडू नये म्हणून तो जिवाच्या आकांतानं जपत होता. मला दिसत होतं ते. म्हणून तर त्याच्यावर धड ओरडताही येत नव्हतं.

पहिला महिना हे पहाटे देवळाबाहेर येऊन उभे राहायचे, प्राजक्ताखाली. आत विघ्नेश्वरची पूजा चाललेली, मंत्र शुद्ध, एक मात्रा इकडे तिकडे नाही. एका सकाळी थंडी मरणाची होती. बाहेरून यांचा आवाज आला, "पाणी कोमट आहे का रे? गार ओतू नकोस त्याच्या अंगावर. त्याला सर्दी होते."

विघ्नेश्वर तांब्या तसाच ठेवून बाहेर आला. परमय्यही दर्शनाला आलेले. विघ्नेश्वरनं बापाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हुंदके देत म्हणाला, "स्वामी, तुमच्या पाया पडतो, असं करू नका. तुम्ही पडाल, आणि पाप माझं असेल." परमय्य म्हणाले, झोपडी ओढ्यापलीकडे हलवावी, म्हणजे घंटा कानावर येणार नाही. हे सगळ्यांकडे एकदा बघून म्हणाले, "चुकलं माझं." आणि गेले. पुन्हा प्राजक्ताखाली आले नाहीत.

त्यानंतर विघ्नेश्वर रोज दुपारी ओढा ओलांडून त्यांना शिकवायला जायचा. एकदा मी केळीच्या पानांआड उभी राहून ऐकलं. लाज वाटायचं कारण नाही, चव्वेचाळीस वर्षांचा संसार होता माझा.

"डोळे मिटले की तो समोर येतो रे," हे म्हणत होते. "मी बोलावत नाही. आपणहून येतो. लोणी मागतो."

"तो मनाचा खेळ आहे. पुसून टाका. जे जे दिसेल त्याला म्हणा, हे नाही, हे नाही."

"आणि सगळं पुसल्यावर उरतं काय?"

"ब्रह्म उरतं. तेच खरं आहे. तेच तुम्ही आहात."

हे म्हणाले, "बरं. करतो."

मी घाबरले. कारण माझा माणूस कामचुकार नव्हता. अंगण सारवायला घेतलं तर कोपरे आधी सारवणारा. हाती घेतलेलं अर्ध्यावर टाकायचं त्यांना माहीत नव्हतं.

पावसाळा गेला, दुसरा हिवाळाही गेला. हे वाळत चालले. भिक्षेला यायचे तेव्हा रस्त्यात मी बाजूला उभी राहायचे. नजर माझ्यावरून भिंतीवरून फिरावी तशी फिरायची. सुरुवातीला वाटलं, नियम पाळतायत. मग वाटलं, अहो हा माणूस मरतोय. देव आणून दिला नाही तर मरेल. मी कितीदा त्या गोपाळाचा राग केला, दुस्वास केला, पण त्याच्याशिवाय यांच्या तोंडावर हसू येत नाही हे मला जगात सगळ्यांत जास्त माहीत होतं. मोक्ष गेला चुलीत, म्हटलं. मला माझा चुगलखोर माणूस परत पाहिजे, ओढ्याकाठी का होईना.

भावाची बैलगाडी मागवली, केळीचा घड घेतला आणि दोन दिवसांचा प्रवास करून मठात गेले. विघ्नेश्वरला सांगितलं, माहेरी जाते. मठाचे स्वामीजी थकलेले, डोळ्यांना कमी दिसायचं. मी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही, स्वतःचा 'हो'सुद्धा.

ते म्हणाले, "पूजा कुणी बंद केली त्यांची?"

"गावानं. संन्याशाला चालत नाही ना?"

"मग मी रोज सकाळी काय करतो, बाई? माझी शेंडी आहे? जानवं आहे?" त्यांनी पलीकडच्या देव्हाऱ्याकडे हात केला. ताजी फुलं होती, दिवा होता. "देवळाचा पुजारी म्हणून नसेल करता येत त्यांना. पण झोपडीत मूर्ती ठेवून हवं तेवढं करावं. कोण अडवणार? निर्गुण ही काय सगुणावर घालायची कुऱ्हाड आहे? कुणी शिकवलं हे?"

"माझ्या मुलानं," मी म्हटलं. "तुमच्याच पाठशाळेत शिकलाय."

स्वामीजी खाली बघत राहिले. मग लिहिणाऱ्याला बोलावून पत्र सांगितलं, आणि माझ्या ओंजळीत मंत्राक्षता घातल्या.

परतीच्या वाटेवर मी रडले आणि हसले. गाडीवाल्याला वाटलं असेल, म्हातारीचं बिनसलं. गावात पोचले ती सकाळच होती. विघ्नेश्वर देवळात पूजेला बसलेला. पत्र त्याच्या पुढ्यात टाकलं. त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मी गाभाऱ्याच्या उंबऱ्यात पाय टाकला, जन्मात पहिल्यांदा, आणि तो वितभर गोपाळ उचलून पदरात घेतला.

"आई, तुला चालत नाही," तो सवयीनं बोलून गेला.

"काय चालतं आणि काय नाही, हे तू आता मला शिकवू नकोस."

तो तिथंच गुडघ्यांत डोकं घालून बसला. मी सुपारीच्या बागेतून पळत निघाले. या वयात! ओढ्यात पाय घसरला, गुडघा फुटला, पण मूर्ती छातीशी घट्ट धरलेली.

हे दारात उन्हाला बसले होते. मी पाट मांडला, त्यावर गोपाळाला ठेवलं, माझे केस सारखे केले आणि म्हटलं, "घ्या. स्वामीजींनी स्वतः सांगितलंय. सगळं चालतं. पहिल्यापासून चालत होतं. अंघोळ घाला, जेवू घाला, माझ्या हव्या तेवढ्या चुगल्या करा."

हे मूर्तीकडे बघत राहिले. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपण त्यांच्या वस्तूंकडे बघतो, तसे. मग म्हणाले, "सुबक आहे. जुन्या कारागिराचं काम दिसतं."

"अहो, असं काय करता? तुमचाच तो."

"हो. माहीत आहे." ते हळू, विचार करकरून बोलत होते. "आधी मोरपीस गेलं. मग ओठ. डोळे जाईनात, ते फार दिवस राहिले. रात्रंदिवस घासलं तेव्हा गेले. फाल्गुनात एक दिवस डोळे मिटले आणि तो आलाच नाही. मी रडलो थोडा. विघ्नेश्वर म्हणाला, आता ब्रह्म येईल, प्रकाशासारखं. वाट बघतोय." त्यांनी हात उघडून तळवे मला दाखवले. "तो गेला. ते काही आलं नाही. इथं कुणी नाही."

मी त्यांचे खांदे धरले. संन्याशाला बायकांनी शिवायचं नसतं, मी गदागदा हलवलं. "देव गेला तर जाऊ द्या! मी आहे ना? माझ्याकडे बघा. मला ओळखा तरी. माझ्यावर खेकसा, काहीतरी बोला!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मनापासून प्रयत्न केला, ते मला दिसलं.

"तुझा चेहरा तर पहिल्याच महिन्यात पुसला," ते म्हणाले. "विघ्नेश्वरनं सांगितलं होतं, सोपं असेल तिथून सुरुवात करा."

मी देव उचलला आणि देवळात परत आले. विघ्नेश्वर अजून तिथंच बसला होता. त्यानं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "पाणी तापव. याची अंघोळ राहिलीय."